पोरांच्या खुर्च्या का बसल्या

माझ्या मामाच्या भाषेत खुर्ची 'बसली' म्हणजे कामातून गेली. "माणसानं बसायचं आणि खुर्चीनं उभं राहायचं, असा करार असतो," तो म्हणायचा, "खुर्चीच बसली तर माणसानं जायचं कुठं?" आणि आपल्याच विनोदाला सगळ्यांच्या आधी हसून घ्यायचा.

ऑफिसातल्या चाकांच्या खुर्च्या दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची शटरवाली खोली. एका बाजूला इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला चाव्या बनवणारा. मामाच्या दुकानात पाय ठेवायचा तर आधी चार खुर्च्या बाहेर काढाव्या लागत. भिंतीवर खिळ्यांना टांगलेली चाकं, सुटे हात, सुट्या पाठी, कोपऱ्यात फोमचे तुकडे, आणि या सगळ्याच्या मधोमध मामा, कानावर पेन्सिल आणि तोंडात दोन स्क्रू. त्यामुळे त्याचं अर्धं बोलणं दातांतूनच यायचं. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस रागावलाय.

मुळात तो सुतार. ऐन तारुण्यात लाकडी खुर्च्या करायचा, एकही खिळा न मारता, नुसत्या सांध्यावर. मग ऑफिसांतून लाकूड हद्दपार झालं आणि गोल फिरणाऱ्या, खाली-वर होणाऱ्या खुर्च्या आल्या. मामानं कुठून तरी एक मोडकी खुर्ची पैदा केली, पूर्ण खोलली, परत जोडली. तीन स्क्रू उरले. ते तीन स्क्रू कुठले, हे शोधण्यात त्याचा एक आठवडा गेला, पण त्यानंतर गावातली एकही खुर्ची त्याला अडली नाही. लाकडाची हत्यारं त्यानं तेलाचा हात लावून एका पेटीत घातली आणि ती पेटी कॉटखाली सरकवली. "लागतील तेव्हा काढू," असं म्हणून. तीस वर्षं लागली नाहीत.

मामा अंगानं काटकुळा. अठ्ठावन्न वर्षांचा आणि चोपन्न किलोचा. "वारा सुटला की खिशात हातोडी ठेवूनच बाहेर पडत जा," असं मामी त्याला सांगायची. या वजनाचा त्याला धंद्यात तोटाच होता. दुरुस्त केलेली खुर्ची बसून बघावी लागते, आणि मामा बसला तर खुर्चीला ते कळायचंसुद्धा नाही. म्हणून त्या कामावर माझी नेमणूक झाली होती.

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, एकशे बारा किलोचा. रविवारी सकाळी मामाचा फोन यायचा, "भाचेबुवा, सहा खुर्च्या तयार आहेत. या, जरा टेका." मी जायचो, एकेका खुर्चीवर धपकन बसायचो, मागं रेलायचो, डावीकडे-उजवीकडे झुलायचो. खुर्ची टिकली की मामा तिच्या पाठीवर थाप मारायचा. गिऱ्हाइकाला अभिमानानं सांगायचा, "या खुर्चीनं माझा भाचा पेललाय!"

सगळे हसायचे. मीही हसायचो. खरं सांगायचं तर चार वर्षांपूर्वी मी चौऱ्याहत्तर किलो होतो, कॉलेजला सायकलनं जायचो. नोकरी लागली आणि मी एका खुर्चीत जाऊन बसलो. पगारवाढ मागूनही मिळत नव्हती, वजनवाढ मात्र न मागता वर्षाला नऊ-दहा किलो मिळत होती. शर्ट लहान झाला की मोठा घ्यायचा, तोही लहान झाला की म्हणायचं, धुऊन आटला. आमचं कामच वॉशिंग मशीनचं असल्यामुळे हे खोटं मला फार पटायचं.

हो, वॉशिंग मशीन. दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. लोकांची मशीन बिघडली की ते फोन करायचे आणि आम्ही कानाला हेडफोन लावून त्यांना सांगायचो, की आधी नळ चालू आहे का बघा. दिवसपाळीला आम्ही बेचाळीस पोरं. तिशीच्या आतली सगळी. चार लांबलचक रांगा, दोघांच्या मध्ये कमरेएवढी फळी, आणि प्रत्येकाला एक खुर्ची.

एका मंगळवारी सकाळी मी एका आजींशी बोलत होतो. त्यांचं मशीन कपडे पिळताना स्वयंपाकघरभर चालायचं.

"आत्ता कुठं आहे, आजी?"

"दारापर्यंत आलंय बाबा. चपला घालायचीच बाकी आहे."

मी हसलो, मागं रेललो आणि खालून 'फुस्स' असा आवाज आला. बघता बघता मी टेबलाच्या वर होतो तो टेबलाच्या बरोबरीला आलो. हनुवटी कीबोर्डवर. शेजारच्या फळीवरून पहाडचं तोंड दिसलं. पहाड म्हणजे माझा मित्र, एकशे एकतीस किलो. सहा फुटी असल्यामुळे हे नाव पडलं होतं आणि त्याला ते आवडायचं. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय पडलं रे?" आजींनी विचारलं.

"मीच, आजी."

"लागलं नाही ना? मग आता माझ्या मशीनचं सांग."

त्या महिन्यात बसलेली ती अकरावी खुर्ची. पुढच्या पंधरा दिवसांत आणखी आठ बसल्या, त्यांत पहाडचीही होती. त्यानं मला हसल्याची फेड तिथल्या तिथं झाली.

मी मामाला सांगायला दुकानात गेलो. त्यानं तोंडातले स्क्रू काढून हातात घेतले. काहीतरी गंभीर बोलायचं असलं की तो तसं करायचा.

"खुर्चीचं वय किती?"

"दीड वर्ष."

"आणि तुझं?"

"पंचवीस. तुला माहितेय की."

"म्हणजे दोघांचंही हे बसायचं वय नाही," मामा म्हणाला आणि या वेळी हसला नाही.

त्यानं टेबलाखालून दोन खोकी ओढली. खुर्ची खाली-वर करणारी जी नळी असते, तिला धंद्यात हायड्रॉलिक म्हणतात. ती गेली की खुर्ची बसते. प्रत्येक गेलेल्या हायड्रॉलिकवर मामा जाड पेननं लिहून ठेवायचा, की ही कोणाच्या बुडाखालची. पुरवठादाराला हमीत परत करताना भांडायला बरं पडतं म्हणून. पहिलं खोकं वीसएक वर्षांपूर्वीचं. मी एकेक नळी काढून वाचायला लागलो. 'साहेब'. 'साहेब'. 'मोठे साहेब'. 'साहेब, दुसऱ्यांदा'. मधेच एखादा 'कारकून'.

"आता हे बघ," मामानं दुसरं खोकं पुढं केलं. ते गेल्या तीन वर्षांचं होतं आणि पहिल्याच्या दुप्पट भरलेलं. 'पोरगा'. 'पोरगा'. 'पोरगा, नवीन लागलेला'. 'पोरगा'. साहेब शोधावा लागत होता.

"पूर्वी पन्नाशीच्या माणसाची खुर्ची बसायची. आता मिसरूड फुटलेल्यांची बसतेय. मी पुरवठादाराला फोन करून चांगला झापला, की तुझा माल हलका झालाय. तो म्हणतो, काका, नळी तीच आहे, शंभर किलोची. माणसं बदललीत." मामानं मान हलवली. "माणसं काय बदलतात रे! माणूस काय मशीनचं मॉडेल आहे?"

माझ्या शर्टाचं एक बटण त्या वेळी पोटावर ताणून बसलं होतं आणि ते उडू नये म्हणून मी श्वास धरला होता.

पुढच्याच आठवड्यात आमच्या मॅनेजर मॅडमनी मामाला बोलावलं. एकोणीस खुर्च्या एकदम. मामा सकाळी आला तो पिशवी घेऊन, पण पिशवी उघडलीच नाही. "आधी बघतो," एवढंच म्हणाला. एक खोकं पालथं घालून कोपऱ्यात बसला आणि चांगला संध्याकाळपर्यंत बसून राहिला. हातात पेन्सिल आणि प्लायवुडचा एक तुकडा.

नेमकी त्याच दिवशी आमची वर्षाची तपासणी होती. चहाच्या खोलीत एक सिस्टर वजनकाटा मांडून बसल्या होत्या. एकेकाला बोलावत होत्या. पहाडनं काट्यावर चढताना हळूच एक हात भिंतीला टेकवला.

"भिंत सोड," सिस्टर वर न बघता म्हणाल्या. "भिंतीचं वजन मला नकोय."

पहाडनं भिंत सोडली. काट्यानं जे दाखवायचं ते दाखवलं. मग टेप आली, पोटाभोवती. दोन-चार जण अंग चोरून, पोट आत ओढून उभे राहिले तर त्या शांतपणे म्हणायच्या, "मला घाई नाही. तू दमशील तेव्हा मोजेन."

दुपारी मामा चहा प्यायला त्या खोलीत गेला. मीही मागोमाग गेलो. सिस्टर कागदावर शेवटचे आकडे लिहीत होत्या.

"काय निघालं?" मामानं विचारलं. ओळख ना पाळख, पण मामाला असं कोणाशीही बोलता यायचं.

"बेचाळिसांत सव्वीस पोरं वजनाच्या रेषेच्या वर," सिस्टर म्हणाल्या. "नऊ जणांचं ब्लडप्रेशर माझ्या वडिलांपेक्षा जास्त आहे. मी हे काम बारा वर्षं करतेय. सुरुवातीला अशाच एका ऑफिसात चाळिसांत नऊ-दहा निघायची, आणि आम्ही आपापसांत म्हणायचो, बापरे, दहा!"

"मग रागावलात की नाही पोरांना?"

"दोघं-तिघं असती तर रागावले असते. सव्वीस जणांना काय रागावणार? एवढी सगळी एकदम आळशी झाली, असं कसं होईल? इथं काहीतरी आहे." त्यांनी पेन बंद केलं. "पण माझ्याकडे काटा आहे. ते काय आहे, हे काट्यावर येत नाही."

मामानं कप खाली ठेवला. "माझ्या तुकड्यावर आलंय बहुतेक," तो म्हणाला.

त्यानं तो प्लायवुडचा तुकडा दाखवला. आमच्या दोन रांगा त्यानं पेन्सिलीनं काढल्या होत्या आणि जो जितक्या वेळा खुर्चीतून उठला तितक्या रेघा त्याच्या जागेवर मारल्या होत्या. पुष्कळ जागांवर दोन रेघा होत्या. काहींवर एक. पाणी टेबलावर भरून यायचं. खाणं फोनवरून मागवलं की थेट खुर्चीपर्यंत यायचं, आणि ते खाऊन झालं की वेफर्सची पाकिटं रांगेतून हातोहात फिरायची. वर यायला लिफ्ट. दोन फोनच्या मध्ये श्वास घ्यायला अर्धा मिनिट.

"तू किती वेळा उठलास, सांग," मामा मला म्हणाला.

"सात-आठ वेळा तरी."

"दोनदा. त्यातही एकदा सिस्टरनी उठवलं म्हणून."

सिस्टर मोठ्यानं हसल्या. मी पण हसलो. मला खरंच वाटत होतं, मी सात-आठ वेळा उठलो.

संध्याकाळी मामा मॅडमच्या केबिनमध्ये गेला. मॅडम भल्या होत्या, पण घड्याळाकडे बघत बोलायची त्यांना सवय होती.

"नेहमीच्या नळ्या घातल्या तर परवा खुर्च्या देतो," मामा म्हणाला. "सहा महिन्यांत परत बसतील. जाड नळ्या मागवल्या तर तीन आठवडे लागतील, पण मग काळजी नाही."

"जाड मागवा. पण तीन आठवडे एकोणीस जण बसणार कुठं?"

"उभे राहतील."

मॅडमना वाटलं हा विनोद आहे. मामा हसत नाही हे बघून त्यांनी घड्याळावरची नजर काढली.

"मी त्यांच्या स्क्रीनला उंच चौरंग करून देतो. उभ्यानं बोलतील. तेवीस खुर्च्या आहेतच, ज्याचे पाय दुखतील तो पाळीनं बसेल. बसून बसून थकलेली पोरं आहेत, मॅडम. जरा उभी राहून विश्रांती घेऊ द्या."

मॅडम शेवटी तयार झाल्या आणि म्हणाल्या, "पहिल्या तक्रारीला मी तुम्हालाच फोन करणार."

त्या रविवारी मामानं कॉटखालून पेटी ओढली. मामी मला नंतर सांगत होती, "अरे, हत्यारं बाहेर काढताना असा चेहरा होता, की मला वाटलं लग्नातले फोटो सापडले!" ऑफिसच्या इमारतीच्या गच्चीवर जुन्या पॅकिंगच्या पेट्या पडल्या होत्या. मामानं त्या फोडल्या आणि दोन दिवस गच्चीवर रंधा मारत बसला. मी मदतीला होतो, म्हणजे फळ्या धरायला. लाकडाच्या भुशाचा वास सुटला होता. फळीवरून गोल गोल ढलप्या निघत होत्या आणि मामा शीळ घालत होता. त्याला शीळ येते हे मला पंचवीस वर्षांत माहीत नव्हतं. तोंडात कायम स्क्रू असल्यावर कळणार कसं?

एकोणीस चौरंग झाले. प्रत्येकाच्या कडा त्यानं घासून गोल केल्या होत्या, कोपर लागलं तरी टोचू नये म्हणून. ज्याचा त्याच्या उंचीनुसार. आणि पहाडसाठी एक खास वस्तू केली. उतरती, रुंद फळी, भक्कम पायांवर, कमरेच्या जरा खाली येईल अशी.

"हे काय?" पहाडनं विचारलं. "मामा, माझे गुडघे उभं राहू देत नाहीत हो. खरंच सांगतो. मी नाटक नाही करत."

"मला दिसलं ते," मामा म्हणाला. "तू खुर्चीत बसत नाहीस, पडतोस. गुडघा वाकताना दुखतो म्हणून. हिला टेकायचं. अर्धं वजन फळीवर, अर्धं पायांवर. बघ बरं."

पहाड टेकला. मग म्हणाला, "हे माझ्यासाठीच केलंत?"

"एवढी मोठी दुसऱ्या कोणासाठी करणार?" मामा म्हणाला, आणि पहाडच सगळ्यांत मोठ्यानं हसला.

पहिला दिवस वाईट गेला. दुपारपर्यंत पावलांतून कळा यायला लागल्या. तेवीस खुर्च्यांसाठी अशी झुंबड उडाली, जणू लहान मुलांचा खेळ चाललाय. दोघा-तिघांनी मामाच्या नावानं बोटं मोडली आणि सगळ्यांनी मिळून माझ्या नावानं, कारण मी त्याचा भाचा. तिसऱ्या दिवशी आम्ही जाड तळव्यांचे बूट घालून आलो. पाचव्या दिवशी कुणीतरी हेडफोनच्या लांब वायरी शोधून काढल्या आणि मग मजाच झाली. बोलता बोलता पोरं चालायला लागली. तीन पावलं पुढं, तीन मागं. तक्रार जास्त असेल तर पाच पावलं. कोपऱ्यातल्या एकाला बोलताना अंग झुलवायची सवय लागली. तो नळाविषयी बोलतोय की नाचतोय ते कळायचं नाही.

त्याच आजींचा परत फोन आला. योगायोगानं मलाच लागला.

"तू तोच ना, पडला होतास तो? आज आवाज अगदी खणखणीत येतोय. उभा आहेस की काय?"

"कसं ओळखलंत?"

"चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. बसलेल्या पोराचा आवाज आणि उभ्या पोराचा आवाज वेगळा असतो."

पाणी आता जागेवर येत नव्हतं, कारण मॅडमनीच एक दिवस ते दाराजवळ हलवलं. उठलेलोच आहोत तर जाऊन पिऊ, असं सगळ्यांना वाटायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात लिफ्ट बिघडली. त्याचा आळ पहाडनं स्वतःवर घेतला, पण ती खरोखरच आपली आपण बिघडली होती. आम्ही दोघं जिन्यानं निघालो. पहिल्या मजल्याच्या वळणावर दोघांनाही धाप लागली आणि पायरीवर बसलो.

पहाड आपल्या बुटांकडे बघत होता. "तुला एक सांगू? या बुटांना मी नाड्या नाही, रबर लावलंय. दोन वर्षं झाली, वाकून नाडी बांधता येत नाही. मी घरी सांगितलं, आता अशीच फॅशन आहे."

"मी सांगतो शर्ट आटले."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि असे हसलो की खालून वर येणारा पहिल्या मजल्यावरचा एक जण घाबरून विचारायला लागला, पाणी आणू का? हसणं थांबल्यावर पहाड म्हणाला, "मला वाटायचं, माझ्यातच काहीतरी खोट आहे. बाकीचे बरे आहेत आणि मी एकटाच असा." त्या दिवसापर्यंत मलाही अगदी हेच वाटत होतं. शेजारी शेजारी बसून दोघंही एकटे होतो. बेचाळीस जण असेच बसले होते बहुतेक.

मी हे मामाला सांगितलं, तेव्हा त्यानं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मी तुला दर रविवारी सगळ्यांसमोर खुर्चीवर बसवायचो. ते तुला लागत होतं का रे?"

"थोडंसं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझा भाचा पेलला की तुला आनंद व्हायचा."

मामाचा चेहरा पडला. "चुकलंच माझं," तो म्हणाला. वयानं मोठा माणूस असं सरळ म्हणाल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यानंतर त्यानं वाळूची दोन पोती आणली आणि खुर्च्या त्यांच्यावर तपासायला लागला. रविवारी मात्र मला बोलवायचं सोडलं नाही. आता फळ्या कापायला.

तीन आठवड्यांनी मामा टेम्पोतून एकोणीस खुर्च्या घेऊन आला. जाड हायड्रॉलिक, नवा फोम, चाकांना तेल. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जो तो आपापल्या खुर्चीत बसला आणि सगळ्या ऑफिसातून एकच 'आहाहा' निघाला. मामा दाराशी उभा होता. त्याचा चेहरा मला वाचता येत होता. त्याला वाटत होतं, झालं, संपला खेळ.

तासाभरानं झुलणारा पोरगा उठला. त्याला बसून बोलायलाच सुचेना. मग पहाड उठून आपल्या फळीला टेकला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि दोघांनी आपापल्या खुर्चीवर जॅकेट ठेवलं होतं.

"मॅडम, चौरंग परत नेऊ?" मामानं विचारलं.

"हात तर लावून बघा," मॅडम म्हणाल्या. त्या स्वतः केबिनच्या दारात उभ्यानं फाईल वाचत होत्या. "माझ्यासाठी एक करा. आणि गच्चीवर जेवायला एक लांब टेबल होईल का? जागेवर खाणं मी उद्यापासून बंद करणार आहे."

मामा घरी आला तो हवेतच. मामीनं सगळं ऐकून घेतलं आणि कमरेवर हात ठेवले. "छान! खुर्च्या आता मोडणार नाहीत, पोरं खुर्चीत बसणार नाहीत. आपल्या हातानं आपल्याच पोटावर पाय आणलास, आणि वर शीळ घालतोस?"

मामाची शीळ थांबली. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन दिवस तो जरा घुम्यासारखा होता. तिसऱ्या दिवशी सिस्टरचा फोन आला. त्या ज्या ज्या ऑफिसात काटा घेऊन जायच्या, तिथं तिथं त्यांनी आमच्या चौरंगांची गोष्ट सांगितली होती. एका छपाईच्या ऑफिसला पंधरा हवे होते. नकाशे काढणाऱ्यांना उंच टेबलं हवी होती. एका शाळेला मास्तरांच्या खोलीसाठी टेकायच्या फळ्या. मामीनंच फोनवर उंच्या लिहून घेतल्या आणि वहीवरून मान वर करून म्हणाली, "बसलायस काय? रंधा कुठं ठेवलास?"

आता दीड वर्ष झालं. जिन्याखालच्या दुकानात अजून खुर्च्या आहेत, पण निम्मी जागा लाकडानं घेतलीय आणि इस्त्रीवाला भुसा उडतो म्हणून रोज भांडतो. सगळ्यांची गोष्ट गोड झाली असं मी म्हणणार नाही. माझं वजन एकशे बाराचं अठ्ठ्याण्णव झालं, मग परत एकशे तीन, आत्ता शंभर. पहाड एकशे सोळावर आहे आणि डॉक्टरकडे नेमानं जातो. काही पोरं होती तेवढीच आहेत, पण त्यांचं ब्लडप्रेशर खाली आलंय, आणि सिस्टर म्हणतात, मला त्याचा जास्त आनंद आहे. या वर्षी बेचाळिसांत एकोणीस निघाले. सिस्टरनी आकडा दोनदा मोजला आणि सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचला, तेव्हा आम्ही स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या.

त्याच सुमारास पहिल्या मजल्यावरच्या विम्याच्या ऑफिसनं आम्हाला फुटबॉलचं आव्हान दिलं. ती पोरंही आमच्यासारखीच, भरलेल्या अंगाची. मागच्या मैदानावर रविवारी सकाळी सामना ठरला. अर्धा वेळ वीस मिनिटांचा ठेवला होता. तेराव्या मिनिटाला दोन्ही बाजूंनी एकमतानं विश्रांती मागितली. गोलवर पहाड उभा होता, आणि गोल जवळजवळ दिसेनासा झाला होता. तरी त्याच्या बाजूनं चार गेले. आम्ही तिकडं पाच मारले. त्यांतला एक मी मारला. चेंडू माझ्या पाठीला लागून आत गेला, पण गोल तो गोल.

शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी मिळाली. मैदानाच्या कडेला मामा, मामी, सिस्टर आणि मॅडम उभ्यानं बघत होते. विम्याच्या पोरानं जीव खाऊन लाथ मारली. पहाड उजवीकडे झेपावला. झेपावला म्हणजे खरोखर, दोन्ही पाय जमिनीपासून सुटले. चेंडू त्याच्या पोटावर आदळून परत आला.

"अडवला रे!" मामा असा ओरडला की कानावरची पेन्सिल उडून पडली. मग चोपन्न किलोचा तो माणूस धावत मैदानात घुसला आणि पहाडच्या अंगावर जाऊन पडला. त्याच्यावर मी पडलो. माझ्यावर सगळं ऑफिस.

"अरे, मामा खाली आहे! मामा खाली आहे!" मामी कडेवरून ओरडत होती.

ढिगाखालून मामाचं हसणं ऐकू येत होतं. एकेक जण उठला. सगळ्यांत शेवटी मामा निघाला. केसांत गवत, शर्टाची एक बाही उसवलेली. त्यानं हात-पाय हलवून सगळं जागेवर आहे याची खात्री करून घेतली, खाली पडलेल्या पहाडला हात दिला, आणि पहाड त्या हाताला धरून उठायला लागला तसा मामाच पुन्हा त्याच्यावर जाऊन पडला.